अकरा वेळा ‘नाही’

“हीका बोलूक येता काय गो, की हीपण हयचीच?”

मी फायलींच्या कपाटामागे उभी होते. कपाटाच्या पलीकडे व्हरांड्यातल्या बाकावर मुलांना घेऊन आलेल्या दोन आया बसल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांच्या हातात एकेक फॉर्म दिला होता, बोटानं बाक दाखवला होता आणि एक शब्दही न बोलता आत निघून आले होते.

“हळू गं,” दुसरी म्हणाली. “नवी सोशल वर्कर आहे ती.”

“मगे ती आमका विचारतली कशी? खुणेन?”

दोघी हसल्या. मी तशीच उभी राहिले. मलाही हसू आलं होतं, पण तेसुद्धा मी कपाटामागेच हसले.

शाळा मुलुंडला आहे, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. मतिमंद मुलांची शाळा. हे वाचून पान उलटू नका, आमच्याकडे रडारड फार कमी असते. चाळीस मुलं, पाच शिक्षिका, एक आयाबाई, मुख्याध्यापिका फणसेबाई आणि मी. वर्ष त्र्याऐंशी, मी बावीस वर्षांची. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं राहावं लागे. घरी आईबाबांशी मराठीच बोलायचे, पण ते जेवायला बसण्यापुरतं आणि दिवा घालवण्यापुरतं. अनोळखी माणसाला ‘तुमच्या मुलीला फिट येते का’ असं मराठीत विचारायची वेळ कधी आली नव्हती. इंग्रजीतही आली नव्हती, पण तिथं निदान शब्द पाठ होते.

नोकरीच्या आठवणी लिहायचा मान निवृत्त माणसांचा असतो. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि नोकरीला सहा वर्षं झाली आहेत. या अंकाच्या संपादकांनी विचारलं तेव्हा मी हेच कारण सांगून सुटका करून घ्यायला बघितलं. ते म्हणाले, अपंगांच्या शिक्षणाच्या कायद्याच्या मसुद्याबद्दल वर्तमानपत्रात नुसत्या बातम्या येतात, त्या मसुद्यापायी कुणाच्या घरात काय झालं ते लिहा. मला एकच घर नीट माहीत आहे. तेच लिहिते.

बाकावरची ती मालवणी बोलणारी बाई म्हणजे परबबाई. मूळच्या मालवणकडच्या, राहायला घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. नवरा गिरणीत होता. संपानंतर साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. मुलगी मंदा, नऊ वर्षांची. त्या दिवशी ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती आणि मान वर न करता सगळ्यांच्या चपला बघत होती.

आमचं काम काय असतं ते सांगते. शिकवायचं काम शिक्षिकांचं. आम्ही मुलाची माहिती काढायची, घरी जायचं, आईबापांना समजावायचं, कागद करायचे. यातली माहिती काढणं सगळ्यात अवघड. माझ्याकडे चार पानांची छापील प्रश्नावली होती. स्वतः जेवते का, कपडे घालते का, शौचाचं सांगते का, सांगितलेलं काम करते का. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. मला ती फार आवडायची, कारण तीत मान खाली घालून खुणा करता येत.

दुसऱ्या आठवड्यात मी परबांच्या घरी गेले. टेकडी चढताना धापा लागल्या, त्यामुळे बोलायचं आपोआपच टळलं. परबबाईंनी पाणी दिलं. मी प्रश्नावली काढली.

“मंदा घरात काही काम करते?”

“काय नाय.”

मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि वर बघितलं. मंदा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ती खडे वेचत होती. खडा मिळाला की तो ती बाजूच्या वाटीत टाकायची आणि मग वाटीत डोकावून बघायची.

“मग हे काय करतेय ती?” मी विचारलं. माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्नावलीबाहेरचा प्रश्न.

परबबाईंनी मागे वळून बघितलं. “ह्या? ह्या काय काम काय? ह्या आपला बसला हा.”

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलले. ‘जेवते का’ असं विचारायचं नाही. काल दुपारी काय जेवली, ताट कुणी मांडलं, कालवण सांडलं का, सांडलेलं कुणी पुसलं, असं विचारायचं. आई गोष्ट सांगायला लागते आणि त्या गोष्टीत मूल काय काय करतं ते आपसूक दिसतं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. माझी खूण मात्र ‘नाही’वरच राहिली होती. मी ती खोडली आणि ‘हो’वर केली. पेनानं केलेली असल्यामुळे दोन्ही दिसतात. फायलीत अजून आहे.

शाळेत मंदाला मणी ओवता येत नसत. तीन मणी दे म्हटलं की कधी एक द्यायची, कधी मूठभर. शिक्षिका दमून जायच्या. पण दुपारी डबे मांडायचं काम तिनं आपणहून घेतलं. कपाटातून एकेक डबा काढून ज्याचा त्याच्या जागी. नावं वाचता येत नाहीत, आकडे कळत नाहीत, पण चाळीस डब्यांत चूक नाही. आणि एखादं मूल आलं नसेल तर ती त्याच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभी राहायची. तिला हलवावं लागे. आयाबाई हजेरीपुस्तक उघडायच्या आधी मंदाकडे बघायची. “आज कोण नाही गं मंदा?” मंदा जागा दाखवायची.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

शाळेत यायला मंदाला आईबरोबर घाटकोपर ते मुलुंड प्रवास करावा लागे. मतिमंद मुलाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते, पण त्यासाठी सरकारी इस्पितळाचा दाखला लागतो. दाखल्यावर शेरा असतो: सौम्य, मध्यम, तीव्र. आमच्या व्यवसायात एक रीत पडून गेली होती. रीत कुणी पाडली कोण जाणे, मी आले तेव्हा ती होतीच. इस्पितळात सगळ्याला ‘नाही’ म्हणायचं. ‘जेवते’ म्हटलं की डॉक्टर म्हणतात, मग हिला काय झालंय? सौम्य लिहितात, आणि सवलतीच्या खिडकीवर क्लार्क कटकट करतो. शाळेत येताना मात्र उलटं. शाळेत ‘सगळं येतं’ म्हणायचं, नाहीतर प्रवेश मिळत नाही. सगळ्या आयांना हे माहीत असे. परबबाईंना नव्हतं. ते त्यांना मी सांगितलं.

इस्पितळाच्या बाकावर, नंबर यायची वाट बघत, मी त्यांची तयारी करून घेतली. माझा आवाज तेव्हा शेजारच्याला ऐकू जाईल इतपतच होता आणि त्या दिवशी तेवढा पुरला.

“डॉक्टरांनी विचारलं, स्वतः जेवते का, तर काय सांगाल?”

“जेवता. भात तर दोन वेळा मागून घेता.”

“नाही. ‘नाही’ सांगायचं.”

“कित्याक? जेवता ती.”

“दाखल्यासाठी. सगळ्याला ‘नाही’च सांगायचं.”

त्यांनी मंदाचे केस मागे सारले. मग म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या. तुमी सांगतास तां खरा.”

आत डॉक्टर घाईत होते. बाहेर तीस माणसं होती. त्यांनी अकरा प्रश्न विचारले. मी मोजले, कारण मोजलं की मला बरं वाटतं. परबबाईंनी अकरा वेळा ‘नाही’ सांगितलं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला होता. मंदा मध्ये बसली होती आणि प्रत्येक ‘नाही’ला आईच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरांनी तिला काही विचारलं नाही. ‘तीव्र’ असं लिहून त्यांनी शिक्का मारला.

सवलत मिळाली. पुढचा आठवडाभर मंदा फ्रॉकची बटणं लावेना. तशीच उघडी ठेवून उभी राहायची, कुणीतरी लावेल म्हणून. नऊ वर्षांच्या मुलीला बटणं लावायला शिकवायला दोन वर्षं लागली होती, हे परबबाईंनी मला नंतर सांगितलं. नंतर म्हणजे बरंच नंतर. त्या आठवड्यात त्या काही बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. मंदा पुन्हा बटणं लावायला लागली आणि मी ते विसरून गेले. खरं तर विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं.

मधली चार वर्षं सोडून देते. या काळात मी बोलायला थोडं शिकले. फणसेबाईंनी शिकवलं. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या मुलांसारखाच होता आणि तो गेल्यावर त्यांनी महापालिकेची नोकरी सोडून ही शाळा काढली. बोलणं फटकळ. “रेवती, तुझे इंग्रजी रिपोर्ट देवालाही वाचता येत नाहीत,” असं म्हणून त्यांनी मला मराठीत लिहायला लावलं. पालकसभेत मात्र मी मागेच बसायचे, इतिवृत्त लिहायला.

मग मसुदा आला.

राज्य सरकार अपंगांच्या शिक्षणाचा आणि सोयींचा कायदा करणार होतं. मसुद्याच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती संस्थांना पाठवल्या होत्या. इंग्रजीत. पालकांच्या सूचना मागवल्या होत्या आणि महिन्याभरानं विलेपार्ल्याला सुनावणी ठेवली होती. फणसेबाईंनी ते बाड माझ्यापुढे टाकलं. “घे. तुझं इंग्रजी एकदाचं कामाला येऊ दे. मराठीत कर, आयांना वाचता येईल असं.”

शनिवारी दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर मी ते करायला बसले. पहिली आठ कलमं मी अक्षरशः आनंदानं केली. प्रत्येक अपंग मुलाला शिकायचा हक्क. शिक्षिकांना इतर शाळांसारखा पगार. अठरा वर्षांपुढच्या मुलांसाठी कार्यशाळा. आमची मुलं तोवर कुणाच्या तरी दयेवर शिकत होती. एका वर्षी सोसायटीनं जागा परत मागितली तेव्हा आम्ही दोन महिने एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात शाळा भरवली होती. हे आता कागदावर यायचं होतं. मी आईला बोलावून एक कलम वाचून दाखवलं. आई म्हणाली, “छान आहे गं. पण ‘तत्संबंधी’ म्हणजे काय?”

नवव्या कलमाशी मी थांबले. दाखल्यावर ‘तीव्र’ असा शेरा असलेल्या मुलाची शाळेत नोंदणी होणार नाही. त्याची सोय सांभाळगृहात केली जाईल. आणि खाली एक ओळ: प्रथम दिलेला दाखला अंतिम समजला जाईल.

मी ते कलम तीन वेळा वाचलं. मग मराठीत लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, ते आठवतं.

पालकसभेला वीस-पंचवीस जण आले. मी मराठी प्रती वाटल्या. परबबाई सातवी शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. पहिल्या पानावरच म्हणाल्या, “बाई, ह्या मराठी तुमी केलास? बरा केलास. एक ‘तत्संबंधी’ तेवढा खय मिळाला तुमका?”

सगळे हसले. लेलेसाहेब हसले नाहीत. ते विमा कंपनीत अधिकारी, पालकसंघाचे अध्यक्ष. त्यांचा अमोल आमच्याकडचा सगळ्यात हुशार मुलगा. त्याचा शेरा सौम्य. लेलेसाहेबांना काळजी एकच होती, आपल्या मागे अमोलचं काय. त्यापायी ते प्रत्येक कागद पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे.

“कलम नऊ मला योग्य वाटतं,” ते म्हणाले. “उगाच भावनेच्या आहारी जाऊ नका. एका वर्गात दोन मुलं किंचाळत असली की बाकीची आठ शिकत नाहीत. तीव्र मुलांना सांभाळ मिळेल, आपल्या मुलांना शिक्षण मिळेल. दोघांचंही भलं.”

“सांभाळगृह म्हणजे घरी नाय ना राहूचा?” परबबाईंनी विचारलं.

“तिथंच राहायचं. सरकार सांभाळणार.”

परबबाईंचं बोट कलम नऊवरच होतं. सभा संपल्यावर त्या सतरंजीची घडी घालायला थांबल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी.

“बाई, तीव्र म्हणजे मंदाच्या दाखल्यार आसा ताच मा?”

“हो.”

“तां तर सांगान आणलेला.”

कुणी सांगितलं होतं, कुणी सांगायला लावलं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. टोकाला टोक जुळवून त्यांनी सतरंजी माझ्या हातात दिली आणि मंदाच्या चपला शोधायला गेल्या.

मी इस्पितळात गेले. मला वाटलं, दाखला बदलून घेतला की झालं. खिडकीतला क्लार्क शांतपणे ऐकून घेत होता.

“मॅडम, हा आजार बरा होतो का?”

“नाही, पण...”

“मग दाखला बदलेल कसा? की पहिला खोटा होता?” त्यानं एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “तसं असेल तर लिहून द्या. कुणी खोटं सांगितलं, त्याचं नाव, सही. साहेबांपुढे ठेवतो.”

मी कागद घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि परत आले.

फणसेबाईंना सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायला नाही. “अकरा जणं आहेत आपल्याकडे,” त्या म्हणाल्या. “अकरा मुलांचे दाखले असेच आणलेले आहेत. निम्मे मी आणलेत. तू एक कागद लिहून दिलास की अकरा आया खोट्या ठरतात. सवलती जातील. शाळेचं अनुदान दाखल्यांवर आहे, ते जाईल.”

“मग काय करायचं?”

“सुनावणीत मी बोलते. दर काही वर्षांनी फेरतपासणी ठेवा, एवढीच मागणी करायची. का, ते सांगायचं नाही.”

मला हायसं वाटलं. बोलायचं नव्हतं म्हणून.

सुनावणी पार्ल्याच्या एका शाळेच्या सभागृहात होती. मुलुंडहून आम्ही पंधरा जण गेलो. समितीत तिघं होते. अध्यक्ष साठीतले, चष्म्याच्या वरून बघणारे. माणूस चांगला वाटला. अंध मुलांच्या शाळेचे लोक बोलले, कर्णबधिरांचे बोलले. अध्यक्ष प्रत्येकाचं लिहून घेत होते. माझ्या शेजारी परबबाई बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला. मंदाला त्यांनी शेजारणीकडे ठेवलं होतं. “आज डबे कोण मांडतला?” येताना त्यांनी मला विचारलं होतं.

फणसेबाई उठल्या. चांगल्या बोलल्या. मुलं वाढतात, शिकतात, एकदाच दिलेला दाखला अंतिम कसा धरता?

“बाई, तुमचं म्हणणं पटतं,” अध्यक्ष म्हणाले. “पण दाखला डॉक्टर तपासून देतात. त्यांनी तीव्र लिहिलं ते काहीतरी बघूनच ना? पुन्हा पुन्हा तपासायचं तर इस्पितळांवर केवढा भार पडेल. दाखल्यापेक्षा मूल वेगळं आहे असं एक तरी उदाहरण द्या. एक द्या, मी विचार करतो.”

फणसेबाईंनी हातातला कागद उलटसुलट केला आणि त्या खाली बसल्या. त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं.

मागून लेलेसाहेब म्हणाले, “सर, सर्टिफिकेटवर विश्वास नाही ठेवायचा तर मग कशावर ठेवायचा? अशी उदाहरणं नसतात.” त्यांना खरंच माहीत नव्हतं. अमोलचा दाखला त्यांनी खरं सांगून आणला होता.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. पुढच्या संस्थेचं नाव पुकारायला शेजारचे गृहस्थ कागद चाळू लागले.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. परबबाई पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठायला लागल्या होत्या. दुसऱ्या हातात ती प्लास्टिकची पिशवी. त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, पाठ केल्यासारखं: “खोटा मी बोल्लंय. मी बोल्लंय. बाईंचा काय नाय.”

पुढे काय झालं ते आधी सांगते, कारण मला शेवट तिथंच ठेवायचा आहे. कायदा अजून झालेला नाही. मसुद्याची दुसरी प्रत या पावसाळ्यात आली. तीही मराठी करायचं काम माझ्याकडेच होतं. या वेळी ‘तत्संबंधी’ नाही. कलम नऊमध्ये आता दर तीन वर्षांनी तपासणी आहे, मुलाला स्वतः काम करताना बघून, आणि शाळेची नोंद सोबत जोडून. आमच्या त्या अकराही मुलांना इस्पितळानं पुन्हा बोलावलं. दोघांचा शेरा तीव्रच राहिला, तेव्हा त्यांच्यासाठी आमचं भांडण अजून चालू आहे, आणि त्या भांडणाची पत्रं आता लेलेसाहेब लिहितात. मंदाचा शेरा मध्यम झाला. सवलत मध्यमलाही मिळते, हे आम्हाला तेव्हा कळलं. इतकी वर्षं सवलतीच्या खिडकीवरच्या क्लार्कच्या कटकटीला भिऊन आम्ही मुलींना बटणं लावायचं विसरायला लावत होतो. अनुदान सहा महिने अडकलं, मग सुटलं. माझ्या सेवापुस्तिकेत एक लेखी ताकीद आहे. फणसेबाईंनी ती मला दिली आणि देताना म्हणाल्या, “माझ्या वाटची पण तूच घेतलीस. चहा पिणार?”

मंदा पंधरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी ती कार्यशाळेत जाईल. डबे मांडायला तिनं एक लहान मुलगी तयार केली आहे, आणि तिच्यावर फार ओरडते.

तर, त्या सभागृहात परबबाई उठत होत्या. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि खाली बसवलं. मला वाटतं जरा जोरातच. मग मी उभी राहिले. इंग्रजीत बोलायचं मनात आलं होतं, म्हणजे परबबाईंना सगळं कळणार नाही. अध्यक्षांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि विचारलं, “आपण?”

“मी शाळेची सोशल वर्कर,” मी मराठीत म्हणाले. “उदाहरण माझ्याकडे आहे. मंदा परब. दाखल्यावर तीव्र. डॉक्टरांनी अकरा प्रश्न विचारले, आईनं अकरा वेळा ‘नाही’ सांगितलं. ती उत्तरं आईची नव्हती. बाहेर बाकावर बसून ती मी त्यांना शिकवली होती. मंदा जेवते. बटणं लावते. आज शाळेत कोण आलं नाही ते आमच्या हजेरीपुस्तकाच्या आधी तिला कळतं. तिला पुन्हा एकदा बोलवा, साहेब, आणि तिलाच विचारा. या वेळी मध्ये आम्ही कुणी बोलणार नाही.”